मंजूर झालेला पैसा अडवण्याचा अधिकार कुणाचा?

वाचकांचे प्रश्न : अमेरिकेचा सरकारी खर्च आणि राष्ट्राध्यक्षांचे अधिकार

जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी परदेशी मदत ९० दिवस थांबवण्याचा आदेश काढला. तेव्हापासून अमेरिकेत सरकारी खर्चावरून राष्ट्राध्यक्ष, संसद (तिथली काँग्रेस) आणि न्यायालये यांच्यात झगडा सुरू झाला. त्याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. रकमा डॉलरमध्ये आहेत. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी आणि तिकडचे एक ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी.

प्रश्न : आपल्याकडे ३१ मार्चला निधी व्यपगत होतो. ‘सध्या खर्च करू नका’ असं वित्त विभागानं कळवलं तरी कुणी कोर्टात जात नाही. अमेरिकेत यावरून एवढा गदारोळ का? आणि मंजूर पैसा नेमका कुठल्या टप्प्यावर अडवतात?
– निवृत्त लेखाधिकारी, सातारा

आपल्याला लेखाशीर्षांची सवय आहे, म्हणून आधी पैसा कुठून कुठे जातो ते सांगतो. काँग्रेस विनियोजनाचा, म्हणजे खर्चाला मंजुरी देणारा, कायदा करते आणि राष्ट्राध्यक्ष त्यावर सही करतात. मग ट्रेझरी त्या त्या शीर्षाखाली रक्कम उपलब्ध करून देते. पण खात्याला ती लगेच वापरता येत नाही. मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या थेट हाताखालचे कार्यालय येते : ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेट, म्हणजे ओएमबी. ते रक्कम तिमाहीनुसार किंवा योजनेनुसार वाटून देते. या वाटपाला अपोर्शनमेंट म्हणतात. महाराष्ट्राचा वित्त विभाग बीम्स प्रणालीवर तरतुदीच्या अमुक टक्के निधी सोडतो, त्याच्या जवळ जाणारा हा टप्पा. त्यानंतर खाते कंत्राट करते किंवा अनुदानाचे करारपत्र देते. इथे सरकार कायद्याने बांधले जाते. याला ऑब्लिगेशन म्हणतात, आपण बांधिलकी म्हणू. देयक निघते ते सगळ्यात शेवटी.

पैसा अडतो तो बहुतेक वेळा अपोर्शनमेंटच्या तळटिपेत. ‘ही रक्कम अमुक तारखेपर्यंत बांधिलकीसाठी उपलब्ध नाही’ अशी एक ओळ पुरते. २०१९ च्या उन्हाळ्यात युक्रेनच्या लष्करी मदतीतले सुमारे २१.४ कोटी डॉलर अशाच तळटिपांनी रोखले होते. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे जीएओने, जानेवारी २०२० मध्ये ते बेकायदा ठरवले. या तळटिपा लोकांना दिसाव्यात म्हणून २०२२ मध्ये अपोर्शनमेंट संकेतस्थळावर टाकणे सक्तीचे झाले. मार्च २०२५ मध्ये ओएमबीने ते संकेतस्थळ बंद केले. ते पुन्हा सुरू झाले ऑगस्टमध्ये, न्यायालयाच्या आदेशानंतर. मधल्या काळात कुठला पैसा कोणत्या अटीवर अडला आहे हे बाहेरून कुणाला पाहता येत नव्हते. आमच्या मते त्या वर्षातल्या गंभीर गोष्टींपैकी ही एक आहे, कारण वाद घालायलाही कागद हातात लागतो.

तारखेचे महत्त्व आपल्याला सांगायला नको. तिथले आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपते. वार्षिक तरतुदीतली जी रक्कम तोवर बांधिलकीत गेली, ती देयके भागवण्यासाठी पुढची पाच वर्षे चालते. जी गेली नाही, ती त्या मध्यरात्रीनंतर नव्या कामाला वापरता येत नाही. काही तरतुदी दोन किंवा अधिक वर्षांच्या असतात, काहींना मुदतच नसते. म्हणून ‘पैसा अडवला’ अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न विचारायचा : ही तरतूद किती वर्षांची, आणि बांधिलकी झाली होती का?

आता गदारोळ का? अमेरिकी राज्यघटनेचे पहिले कलम सांगते की कायद्याने केलेल्या विनियोजनाशिवाय तिजोरीतून पैसा निघणार नाही. दुसरे कलम राष्ट्राध्यक्षांवर कर्तव्य टाकते की त्यांनी कायद्यांची निष्ठेने अंमलबजावणी करावी. काँग्रेसची बाजू अशी की विनियोजन हाही कायदाच आहे, तेव्हा तो राबवणे आले. ट्रम्प यांचे ओएमबी संचालक रसेल व्होट यांची भूमिका उलट आहे. विनियोजन ही खर्चाची वरची मर्यादा आहे, खर्च केलाच पाहिजे अशी आज्ञा नव्हे, असे ते मांडतात. सगळा वाद या दोन वाक्यांतल्या अंतरात आहे.

प्रश्न : १९७४ चा कायदा वारंवार ऐकू येतो. त्यात नेमकं काय आहे? आणि थॉमस जेफरसन यांनीही पैसा अडवला होता, मग हा अधिकार जुनाच नाही का?
– राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, नांदेड

जेफरसन यांचा दाखला खरा आहे, पण तो वाटतो तेवढा कामाचा नाही. ते राष्ट्राध्यक्ष असताना, १८०३ मध्ये, मिसिसिपी नदीत गस्त घालणाऱ्या तोफनौकांसाठी ५०,००० डॉलर मंजूर झाले होते. त्याच वर्षी लुईझियानाचा प्रदेश फ्रान्सकडून विकत घेतला गेला आणि तातडी संपली. जेफरसन यांनी खर्च लांबवला आणि तसे काँग्रेसला उघड कळवले. ज्या कारणासाठी पैसा दिला ते कारणच उरले नव्हते. ‘योजना मला पटत नाही म्हणून पैसा देणार नाही’ हा प्रकार वेगळा.

तो प्रकार मोठ्या प्रमाणावर केला राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी. १९७२ मध्ये काँग्रेसने नद्यांच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा केला. निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी तो मोडून काढला. मग निक्सन यांनी वेगळी वाट धरली. सांडपाणी प्रकल्पांसाठी राज्यांना १९७३ साठी ५ आणि १९७४ साठी ६ अब्ज डॉलरपर्यंत वाटायचे होते. त्यांनी २ आणि ३ अब्जच वाटायला सांगितले. न्यूयॉर्क शहर कोर्टात गेले. फेब्रुवारी १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की कायद्याने ठरवलेले वाटप कमी करता येणार नाही. मात्र तो निकाल त्या एका कायद्याच्या शब्दांवर होता. राष्ट्राध्यक्षांना घटनेतूनच असा अधिकार मिळतो का, हा प्रश्न तेव्हा सुटला नाही. आजच्या भांडणाला जागा तिथेच उरली आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा : डिसेंबर १९६९ मध्ये निक्सन यांच्याच न्याय खात्यातले विल्यम रेन्क्विस्ट यांनी लेखी मत दिले होते की राष्ट्राध्यक्षांना असा अंगभूत अधिकार मानायला आधार नाही. रेन्क्विस्ट पुढे सरन्यायाधीश झाले, आणि ते पुराणमतवादी गोटातलेच गणले जात.

१२ जुलै १९७४ ला निक्सन यांच्याच सहीने इम्पाउंडमेंट कंट्रोल कायदा झाला. इम्पाउंडमेंट म्हणजे मंजूर पैसा अडवून ठेवणे. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. या कायद्याने दोन मार्ग ठेवले. पहिला रिसिशन, म्हणजे मंजुरी कायमची मागे घेणे. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसला खास संदेश पाठवतात : कोणती रक्कम, कोणत्या शीर्षातली, का नको, परिणाम काय. त्या दिवसापासून काँग्रेसच्या सलग अधिवेशनाचे ४५ दिवस पैसा रोखून धरता येतो. तीन दिवसांहून लांब सुट्टी पडली तर ते दिवस मोजायचे नाहीत. या मुदतीत दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने विधेयक मंजूर केले तरच कपात होते. काँग्रेस गप्प बसली तर प्रस्ताव पडला, पैसा सोडावाच लागतो, आणि तीच रक्कम पुन्हा या मार्गाने मागता येत नाही.

दुसरा मार्ग डिफरल, म्हणजे खर्च पुढे ढकलणे. तो त्याच आर्थिक वर्षापुरता चालतो आणि कारणेही मोजकीच : अकल्पित अडचणीसाठी राखीव ठेवणे, कामातून बचत होणे, किंवा कायद्यातच तशी सोय असणे. धोरण आवडत नाही हे कारण चालत नाही. १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तसे स्पष्ट केले. याखेरीज निविदा उशिरा आली, पात्र अर्ज कमी आले, असा कामातला उशीर असतो. तो कायदा मोडणारा नाही. म्हणून खाती बहुधा ‘आम्ही फक्त आढावा घेतोय’ म्हणतात आणि जीएओला मग पत्रे, तारखा, तळटिपा पाहून ठरवावे लागते की आढावा खरा आहे की नुसता बहाणा. मे २०२५ मध्ये विद्युत वाहनांच्या चार्जिंग केंद्रांच्या ५ अब्ज डॉलरच्या योजनेत जीएओने हेच तपासले आणि परिवहन खात्याने कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला.

जीएओला कोर्टात जाण्याचा अधिकार आहे, पण आधी काँग्रेसला कळवून २५ दिवस थांबावे लागते. इतक्या वर्षांत तो एकदाच वापरला गेला, १९७५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या काळात. पैसा सोडल्याने ते प्रकरण निकालाशिवायच मिटले.

प्रश्न : ‘पॉकेट रिसिशन’ म्हणजे काय? दैनिकांतलं वाचून उलगडा होत नाही.
– ग्रंथपाल, जळगाव

कॅलेंडर समोर ठेवा. ४५ दिवसांची मुदत आहे आणि वर्ष ३० सप्टेंबरला संपते. संदेश जूनच्या सुरुवातीला पाठवला तर मुदत जुलैत संपते आणि काँग्रेस गप्प राहिल्यास पैसा वर्षअखेरीच्या आत सोडावा लागतो. संदेश ऑगस्टच्या अखेरीस पाठवला तर? ४५ दिवस पुरे होण्याआधीच ३० सप्टेंबर उलटते आणि मुदत संपणारी तरतूद आपोआप मरते. काँग्रेसने हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही, तरी कपात झाली.

२०२५ मध्ये दोन्ही प्रकार पाहायला मिळाले. ३ जूनला ट्रम्प यांनी ९.४ अब्जांच्या कपातीचा प्रस्ताव रीतसर पाठवला. प्रतिनिधिगृहात तो २१४ विरुद्ध २१२ मतांनी पार पडला. सिनेटने एचआयव्हीविरोधी कार्यक्रमाचे ४० कोटी डॉलर वगळले आणि ५१ विरुद्ध ४८ मतांनी उरलेल्याला मान्यता दिली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, १८ जुलैला, प्रतिनिधिगृहाने अंतिम रूप मंजूर केले आणि २४ जुलैला सही झाली. सुमारे ७.९ अब्ज परदेशी मदतीतले आणि १.१ अब्ज सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणीचे. हा मार्ग कायदेशीर होता. त्यातले धोरण चूक की बरोबर यावर मतभेद असतील, पण कार्यपद्धतीवर बोट ठेवता येत नाही.

ऑगस्टच्या शेवटी मात्र परदेशी मदतीतल्या आणखी ४.९ अब्जांचा प्रस्ताव आला, वर्ष संपायला जेमतेम महिना उरला असताना. सिनेटच्या विनियोजन समितीच्या अध्यक्ष सुसान कॉलिन्स रिपब्लिकन पक्षाच्याच. त्यांनीही हे कायद्याचे उल्लंघन असल्याचे सांगितले. जीएओचेही मत तेच. ओएमबीने १९७७ चा, कार्टर यांच्या काळातला दाखला पुढे केला. आम्हाला हा युक्तिवाद पटत नाही. ज्या कायद्याचा हेतूच ‘काँग्रेसने होकार दिल्याशिवाय कपात नाही’ असा आहे, त्यातली मुदत वापरून होकाराशिवाय कपात करणे म्हणजे कायद्याचा गाभा काढून टाकणे. ऑगस्टमध्ये परदेशी मदतीचे चालत असेल तर पुढच्या ऑगस्टमध्ये शाळांचे किंवा संशोधनाचेही चालेल.

प्रश्न : राष्ट्राध्यक्षांना न पटणारी कलमं खोडून बाकी विधेयकावर सही करता येत नाही का?
– वाचक, अकोला

नाही. विधेयक पूर्ण स्वीकारायचे किंवा पूर्ण परत पाठवायचे. १९९६ मध्ये काँग्रेसने कायदा करून असा निवडक नकाराधिकार दिला होता आणि क्लिंटन यांनी १९९७ मध्ये तो वापरलाही. जून १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो घटनाबाह्य ठरवला. पैसा अडवण्याच्या अधिकाराला विरोध करणारे हा निकाल नेहमी पुढे करतात : काँग्रेसने कायद्याने देऊनही जे चालले नाही, ते न देता कसे चालेल?

प्रश्न : डॉजने किती पैसे वाचवले? २ लाख कोटींपासून काही अब्जांपर्यंत सगळे आकडे वाचले. हिशोब कसा तपासायचा?
– चार्टर्ड अकाउंटंट, नाशिक

डॉज म्हणजे सरकारी खर्च कमी करण्यासाठी ट्रम्प यांनी २०२५ मध्ये नेमलेले पथक; उद्योगपती इलॉन मस्क हा त्याचा चेहरा. आधी एकूण खर्च पाहा. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या केंद्र सरकारने सुमारे ६.७५ लाख कोटी डॉलर खर्च केले आणि तूट सुमारे १.८ लाख कोटी होती. निवृत्तिवेतनाची सोशल सिक्युरिटी योजना सुमारे १.५ लाख कोटी, मेडिकेअर आणि मेडिकेड या आरोग्य योजना मिळून तेवढ्याच, संरक्षण सुमारे ८५० अब्ज, व्याज सुमारे ८८० अब्ज. एवढ्यातच सत्तर टक्के संपले. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर यांना दरवर्षीचे विनियोजन लागत नाही; पात्रता कायद्यात आहे आणि पैसा त्यामागे जातो. व्याज तर थांबवताच येत नाही.

कर्मचारी कमी करून तूट भरेल का? काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या हिशोबाने २०२२ मध्ये सर्व नागरी केंद्रीय कर्मचाऱ्यांचे पगार आणि लाभ मिळून २७१ अब्ज होते, आणि त्यातले साधारण ६० टक्के संरक्षण, माजी सैनिक आणि अंतर्गत सुरक्षा या तीन खात्यांत. सगळ्यांना घरी पाठवले तरी २०२४ च्या तुटीचा सहावा हिस्साही भरत नाही. हे गणित सुरुवातीपासून उघड होते. म्हणून इलॉन मस्क यांचे २ लाख कोटींचे उद्दिष्ट १ लाख कोटींवर आले.

डॉजच्या संकेतस्थळावर पुढे २०० अब्जांहून जास्त बचतीचा दावा दिसत होता. तो तपासताना तीन ठिकाणी फट सापडते. एक, कंत्राटाची कमाल मर्यादा बचत म्हणून धरली. कंत्राट १०० कोटींपर्यंतचे असेल आणि बांधिलकी ४ कोटींचीच झाली असेल, तर रद्द केल्याने उरलेले ९६ कोटी वाचले असे होत नाही. ते कधी खर्चच व्हायचे नसतात. दोन, साध्या चुका : फेब्रुवारी २०२५ मध्ये ८० लाख डॉलरचे एक कंत्राट ८ अब्जांचे दाखवले होते. तीन, खर्चाची बाजूच धरली नाही. राजीनाम्याच्या योजनेत लोकांना सप्टेंबरपर्यंत घरी बसून पगार मिळाला, काहींना काढून पुन्हा बोलवावे लागले, दाव्यांचा खर्च वेगळा. आपण स्वतः तपासणार असाल तर यूएसए-स्पेंडिंग या सरकारी संकेतस्थळावर कंत्राट क्रमांक टाका आणि तीन रकाने वेगळे वाचा : कमाल मूल्य, बांधिलकी, प्रत्यक्ष अदा. बांधिलकीतून किती रक्कम मागे घेतली तेवढीच बचत धरा.

त्यानंतरही एक पायरी राहते. कंत्राट रद्द झाले तरी तरतूद कायम असते, आणि खाते तोच पैसा दुसऱ्या कामाला लावू शकते. काँग्रेसने मंजुरी मागे घेतली तरच तो तिजोरीत राहिला म्हणायचे. रीतसर मागे घेतलेले आहेत ते ९ अब्ज, म्हणजे दर हजार डॉलर खर्चामागे साधारण सव्वा डॉलर. २०२५ च्या आर्थिक वर्षाचा एकूण खर्च मात्र सुमारे ७ लाख कोटींवर गेला आणि तूट जवळपास आधीच्या वर्षाइतकीच राहिली.

प्रश्न : अमेरिकेनं भारतातल्या मतदानासाठी २.१ कोटी डॉलर दिले होते, ते बंद केले, अशी बातमी होती. खरं काय? आणि मदत थांबल्याचा आपल्याकडे काही परिणाम झाला का?
– वाचक, कल्याण

१६ फेब्रुवारी २०२५ ला डॉजने रद्द केलेल्या रकमांची यादी प्रसिद्ध केली, त्यात ही नोंद होती. ऑगस्ट २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने राज्यसभेत सांगितले की अमेरिकी दूतावासाने दिलेल्या माहितीनुसार २०१४ ते २०२४ या काळात भारतातल्या मतदानवाढीसाठी अशी रक्कम यूएसएड या मदतसंस्थेला मिळालेली नाही आणि तिने दिलेलीही नाही. वाद पेटला तो यादीतल्या एका ओळीवर. करारपत्र क्रमांकाशिवायच्या अशा ओळीवर विश्वास ठेवू नये.

परिणाम मात्र खरा आहे, आणि आपल्या गावातलाच आहे. तृतीयपंथी व्यक्तींसाठीची ‘मित्र’ क्लिनिक हैदराबाद, कल्याण आणि पुण्यात यूएसएडच्या पैशावर चालत होती. एचआयव्ही तपासणी, समुपदेशन, संप्रेरक उपचारांचा सल्ला अशा सेवा तिथे एका जागी मिळत. ९० दिवसांचा स्थगिती आदेश आला आणि ती बंद पडली. इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. अशा केंद्रांना पैसा बहुधा थेट येत नाही. मुख्य अनुदानधारक संस्था, मग तिची भागीदार संस्था, मग स्थानिक केंद्र अशी साखळी असते. वर ‘काम थांबवा’ असे पत्र निघाले की खालच्या केंद्राकडे पगाराचा पैसा नसतो, राखीव निधी नसतो आणि कोर्टात जायला थेट करारही नसतो. ९० दिवसांनी आदेश उठला असता तरी जागेचे भाडे आणि डॉक्टर टिकले नसते. आढावा घ्यायला हरकत नाही, पण चालू उपचार तोडून घेतलेला आढावा आम्हाला मान्य होण्यासारखा नाही.

प्रश्न : न्यायालयं एकदा सरकारच्या विरोधात, एकदा बाजूनं निकाल देतात. यात काही सूत्र आहे का?
– वकील, छत्रपती संभाजीनगर

सूत्र आहे, आणि ते बहुतांशी ‘कोणत्या दारात’ याचे आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सरकारला दिलासा नाकारला : परदेशी मदतीतल्या झालेल्या कामाचे सुमारे २ अब्ज डॉलर द्या, हा खालचा आदेश राहिला. ४ एप्रिलला शिक्षक-प्रशिक्षणाच्या अनुदानांत ५ विरुद्ध ४ मतांनी उलट झाले. न्यायालयाचे म्हणणे असे की अनुदान हा करार आहे आणि करारातला पैसा मागायचा तर टकर कायद्याखाली वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये जावे. २१ ऑगस्टला आरोग्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, सुमारे ७८ कोटींच्या अनुदानांबाबत तेच झाले. धोरणाला आव्हान जिल्हा न्यायालयात, पैशाची मागणी क्लेम्स कोर्टात. याचा व्यावहारिक फटका मोठा. क्लेम्स कोर्ट भरपाई देऊ शकते, पण सहसा ‘अनुदान आजच पुन्हा सुरू करा’ असा मनाई हुकूम देत नाही. तोवर प्रयोगशाळा बंद झालेली असते.

२६ सप्टेंबरचा आदेश आणखी पुढचा. पॉकेट रिसिशनमधले सुमारे ४ अब्ज रोखून ठेवायला ६ विरुद्ध ३ मतांनी परवानगी मिळाली. कारण हे की १९७४ च्या कायद्याखाली अनुदानधारक संस्थांना दावाच करता येत नाही, असे सरकारने प्रथमदर्शनी दाखवले आहे. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी मत लिहिले. आदेश तात्पुरता होता, पण चार दिवसांनी वर्ष संपले. लाभार्थी संस्था कोर्टात जाऊ शकत नाहीत आणि जीएओ जात नाही, तर कायदा मोडल्याचे कोण दाखवणार, याचे उत्तर त्या आदेशात नाही. वकील म्हणून आपल्याला हीच जागा सगळ्यात अस्वस्थ करील.

प्रश्न : मग ऑक्टोबरमध्ये सरकार बंद का पडलं?
– वाचक, चिपळूण

विनियोजन नसेल तर खर्च करणे आणि स्वयंसेवी काम घेणेसुद्धा तिथे कायद्याने मना आहे. अपवाद जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाचा. नव्या वर्षाचे विनियोजन वेळेत मंजूर झाले नाही, म्हणून १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस, तोवरचे सर्वांत लांब, कामकाज बंद राहिले. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाची मुख्य मागणी आरोग्य विम्याच्या सवलतींची होती. पण मागे अविश्वासही होता. वार्षिक विनियोजनाला सिनेटमध्ये ६० मते, म्हणजे विरोधकांची साथ लागते. रिसिशनला ५१ पुरतात. साठ जणांनी केलेली तडजोड एकावन्न जणांना मोडता येत असेल तर विरोधी पक्षाने तडजोड कशासाठी करायची?

प्रश्न : आपल्याकडे पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री असं करू शकतात का?
– विधी शाखेचा विद्यार्थी, पणजी

करू शकतात आणि करतात. राज्यघटनेचे अनुच्छेद ११४ आणि २६६, आणि राज्यांसाठी २०४, सांगतात की विनियोजन कायद्याशिवाय संचित निधीतून पैसा निघणार नाही. मंजूर झालेला सगळा खर्च केलाच पाहिजे असे ते सांगत नाहीत. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने कोविडमुळे विकासकामांच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली, उपलब्ध निधी ३३ टक्के. विधिमंडळात त्यासाठी नवे मतदान लागले नाही. व्होट म्हणतात ती ‘वरची मर्यादा’ आपल्याकडे प्रत्यक्षात आहेच.

फरक सरकारच्या रचनेत आहे. इथे सरकार सभागृहाच्या विश्वासावर उभे असते आणि पैसा अडवणारे मंत्री त्याच सभागृहात उत्तर द्यायला बसतात. कपात सूचना मंजूर झाली तर सरकार पडू शकते. धोरणाला विरोध म्हणून मागणी एक रुपयावर आणण्याची, शंभर रुपये कमी करण्याची आणि ठराविक रक्कम कमी करण्याची, असे तिचे तीन प्रकार तुमच्या अभ्यासक्रमात असतील. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष चार वर्षे पक्के. काँग्रेसकडे त्यांना अडवायला मुख्य साधन पैशाचेच. म्हणून ते साधन गमावणे त्यांना परवडणारे नाही.

आपल्याकडेही एक मर्यादा आहे. कायद्याने हक्क दिला असेल तर ‘निधी नाही’ हे कारण पुरत नाही. २०१६ मध्ये स्वराज अभियानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रोजगार हमीसाठी पुरेसा निधी वेळेवर सोडण्याचे निर्देश केंद्राला दिले. परीक्षेत तुलना लिहायची असेल तर हा निकाल आणि १९७५ चा न्यूयॉर्कचा निकाल शेजारी ठेवा.

प्रश्न : मुलगी बोस्टनला पोस्टडॉक आहे. पगार एनआयएचच्या ग्रँटमधून, व्हिसा जे-१. ग्रँट बंद झाली तर काय? आधीपासून कोणती तयारी ठेवावी?
– पालक, डोंबिवली

आधी मुलीला तिच्या प्रयोगशाळेच्या ग्रँटचा क्रमांक विचारायला सांगा. एनआयएचच्या रिपोर्टर या संकेतस्थळावर तो टाकला की प्रकल्प केव्हा संपतो आणि चालू अर्थसंकल्पी वर्ष केव्हा संपते, या दोन वेगळ्या तारखा दिसतात. लक्ष ठेवायचे ते दुसरीवर. पाच वर्षांची ग्रँट असली तरी पैसा सहसा एकेका वर्षाचा मिळतो आणि नूतनीकरणाचे पत्र यावे लागते. ते पत्र, नोटीस ऑफ अवॉर्ड, उशिरा आले तर बरीच विद्यापीठे काही काळ स्वतःच्या निधीतून पगार चालवतात. किती काळ, हे विभागाच्या अनुदान प्रशासकाला विचारावे. प्राध्यापकांना अनेकदा नेमके माहीत नसते. शक्य असेल तर पगार दोन ग्रँटवर विभागून घ्यावा.

जे-१ हा संशोधक-विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा व्हिसा. त्याखालचा कार्यक्रम रीतसर संपला तर देश सोडायला ३० दिवस मिळतात, पण त्या काळात काम करता येत नाही. म्हणून नोकरी जात असल्याचे कळताच, शेवटच्या दिवसाच्या आधीच, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला भेटावे. दोन गोष्टी तिथे सांगाव्यात : दुसऱ्या विद्यापीठात जागा मिळत असेल तर कार्यक्रम सुरू असतानाच नोंद हस्तांतरित करा, आणि मिळत नसेल तर नोंदीत ‘कार्यक्रम लवकर पूर्ण’ असे लिहा, ‘रद्द’ असे नको. रद्द नोंद झाली तर ते ३० दिवसही मिळत नाहीत आणि पुढच्या व्हिसाला प्रश्न येतात. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा घ्यायचा विचार असेल तर जे-१ वर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आहे का ते व्हिसाच्या शिक्क्यावर आणि डीएस-२०१९ या कागदावर पाहावे. एच-१बी असलेल्यांना नोकरी गेल्यावर ६० दिवस किंवा आय-९४ या प्रवेशनोंदीवरची तारीख, यांपैकी जे आधी येईल तेवढा काळ मिळतो. मुदतीआधी काढल्यास परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च मालकाने द्यायचा असतो.

नियुक्तीपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सगळे डीएस-२०१९, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आणि आरोग्य विम्याचे कागद विद्यापीठाच्या ईमेल खात्याबाहेर जपून ठेवायला सांगा. नोकरी संपल्यावर ते खाते बहुतेक ठिकाणी लगेच बंद होते.